मागचे पाय गेलेल्या कुत्र्याची गाडी: मागवायची, घरी बनवायची की थांबायचं?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतरांनाही कळावं म्हणून आधी थोडक्यात लिहितो. शेरू, चार वर्षांचा देशी, वजन १७ किलो, अडीच महिन्यांपूर्वी पिकअपने उडवला आणि तेव्हापासून मागचे दोन्ही पाय फरपटत चालतो, डॉक्टर म्हणाले मणक्याला मार आहे, ऑपरेशन झालं नाही. पाय अधूनमधून झटके देतात. तुम्हाला ऑनलाइन एक मीडियम साइजची गाडी, म्हणजे मागच्या पायांच्या जागी दोन चाकं देणारा सांगाडा, दिसलीय ती मागवू का असं विचारताय, मिस्टर म्हणतात पीव्हीसी पाइपची आपणच करू, आणि सासूबाईंचं म्हणणं की मुक्या जनावराचे हाल कशाला करताय, इंजेक्शन देऊन मोकळं करा. तिन्हींची उत्तरं देतो, पण माझ्या क्रमाने देतो, कारण गाडी ही यातली सगळ्यात सोपी गोष्ट आहे.

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगून टाकतो. माणसांचे कॅलिपर आणि कृत्रिम पाय बनवायच्या वर्कशॉपमध्ये होतो, तिथल्याच एका पेशंटने स्वतःच्या डॅशहुंडसाठी, म्हणजे त्या आखूड पायांच्या, लांब पाठीच्या कुत्र्यासाठी, "असं काहीतरी करून द्या ना" म्हणून गळ घातली, आणि ती पहिली गाडी इतकी वाईट झाली की राग येऊन दुसरी केली. त्याला आता चौदा-पंधरा वर्षं झाली. पुण्यात बसून देशी, लॅब, पग, एक बोकड आणि एकदा एक ससा एवढ्यांना चाकं लावलीत. डॉक्टरांनी पाठवलेलेच बघतो, डॉक्टरांशिवाय आलेल्याला परत पाठवतो.

तर पहिला मुद्दा. गाडी दिवसातून किती वेळ लागणार आहे? सुरुवातीला दहा मिनिटं दोनदा, नंतर फार तर अर्धा-पाऊण तास सकाळी आणि तेवढाच संध्याकाळी. गाडीत कुत्र्याला नीट बसता येत नाही, आडवं होता येत नाही, दमला तरी उभाच राहतो बिचारा, म्हणून गाडी लावून कामाला निघून जायचं हा प्रकारच नाही. म्हणजे २४ तासांतले बावीस-तेवीस तास शेरू गाडीशिवायच असणार आहे, आणि माझ्याकडे आलेली जी कुत्री नंतर गेली ती गाडी नव्हती म्हणून गेलेली नाहीत, ती लघवीच्या इन्फेक्शनने नाहीतर बेडसोर, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमा, चिघळून गेली. तुम्ही प्रश्नात लघवीबद्दल एकच ओळ लिहिलीय आणि बेडसोरबद्दल एक शब्दही नाही, म्हणून मला जास्त काळजी वाटतेय.

लघवीचं आधी. तुम्ही लिहिलंय की "लघवी आपोआप होते, अंथरुण ओलं करतो". ताई, हे बहुतेक वेळा होणं नसतं, ओसंडणं असतं. मणक्याला मार लागला की मूत्राशय भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत जात नाही आणि सोडायचा हुकूम खाली येत नाही, मग पिशवी टम्म भरते आणि वरचं थोडं थोडं गळत राहतं, टाकी ओव्हरफ्लो होते तसं. घरच्यांना वाटतं होतेय की, आणि आत शिळी लघवी साठून राहते, तिच्यात जंतू वाढतात. ती दिवसातून तीन-चार वेळा हाताने दाबून काढावी लागते, आणि हे शिकायचं डॉक्टरांच्या समोर, त्यांनी तुमचा हात स्वतःच्या हाताने तिथे नेऊन ठेवला पाहिजे, व्हिडिओ बघून नको. कसं असतं ते सांगतो म्हणजे काय विचारायचं ते कळेल. कुत्र्याला आधाराने उभा करायचा किंवा कुशीवर घ्यायचा, मागच्या पायांच्या जरा पुढे पोटाच्या दोन्ही बाजूंनी तळवे ठेवायचे, बोटं नाही, तळवे, आणि हळूहळू आत गेलं की पाणी भरलेल्या फुग्यासारखं काहीतरी लागतं, लिंबाएवढं असेल किंवा मोसंबीएवढं. त्यावर सावकाश, सलग दाब द्यायचा, थोडा शेपटीच्या दिशेने. धार लागली की सोडायचं नाही, संपेपर्यंत तसाच दाब ठेवायचा. नर कुत्र्यात हे जास्त अवघड जातं, त्यात दगडासारखी घट्ट लागली आणि येतच नाहीये असं झालं तर जोर लावत बसू नका, फुटू शकते, सरळ दवाखाना गाठा, तिथे नळी घालून काढतील. लघवी गढूळ दिसली, घाण वास आला, लालसर झाली की त्याच दिवशी तपासायला द्या. शी बहुतेकांची आपोआप होते, पोट दाबल्यावरही होते, त्याचा एवढा त्रास नाही.

हे एक जमलं ना की निम्मी लढाई झाली, कारण लघवी वेळेवर काढलेला कुत्रा कोरडा राहतो आणि कोरड्या कुत्र्याची कातडी टिकते. डायपर लावला की काम झालं असं लोकांना वाटतं, पण ओला डायपर चार तास अंगाला चिकटून राहिला तर आतली कातडी लालभडक होते. प्रवासाला, पाहुणे आले तर ठीक आहे, रोजची सवय नको. मागच्या भागाचे केस बारीक कापून ठेवा, कोमट पाण्याने पुसा, पूर्ण कोरडं करा, मग पेट्रोलियम जेलीचा पातळ हात. लहान बाळांच्या रॅशची झिंकवाली क्रीम लावू नका, तो चाटणार आणि झिंक पोटात जाणं कुत्र्याला घातक आहे.

बेडसोर कुठे येतात तर जिथे हाड वर आणि मांस कमी तिथे, म्हणजे खुब्याच्या बाहेरच्या बाजूला, बसायच्या हाडांवर, घोट्यांवर, कोपरांवर. रोज बोटाने दाबून बघायचं, डोळ्यांनी नाही, कारण केसांखाली दिसतच नाही. कूस दर तीन-चार तासांनी बदलायची. अंथरुण जाड फोमचं, त्यावर रबरी शीट, त्यावर जुनी सुती गोधडी जी रोज धुता येते. काथ्याची गादी नको, ती टणक असते. आणि पावसाळ्यात माश्यांवर लक्ष ठेवा. ओली, वास मारणारी जागा असली की माशी अंडी घालते आणि एका दिवसात अळ्या पडतात, मी अतिशयोक्ती करत नाहीये, सकाळी खरचटलेलं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भोक पडलेलं असं पाहिलंय. कुत्र्याला तिथे दुखत नाही म्हणून तो ओरडतही नाही, तुम्हालाच बघावं लागतं.

आता झटक्यांकडे येतो, कारण त्यावरून तुम्ही आशा धरून बसलाय असं वाटतं आणि आशा धरायला हरकत नाही, पण नीट समजून धरा. पायाचं बोट दाबल्यावर कुत्र्याने पाय आखडून घेतला तर त्याचा अर्थ त्याला जाणवलं असा होत नाही. तो पाय आणि कमरेतला कणा यांच्यातला आपापसातला व्यवहार असतो, मेंदूला त्याचा पत्ताही नसतो, याला रिफ्लेक्स म्हणतात. खरी परीक्षा वेगळी. डॉक्टर चिमट्याने बोटाचं हाड जोरात दाबतात आणि पायाकडे न बघता तोंडाकडे बघतात. वळून बघितलं, कुईकुई केलं, चावायला आला, तर निरोप मेंदूपर्यंत जातोय. याला डीप पेन म्हणतात. हे घरी पक्कड घेऊन करून बघू नका, एकाने केलंय म्हणून सांगतोय. डीप पेन असेल तर अडीच महिन्यांनंतरही फिजिओने बरंच मिळू शकतं. नसेल तर, आणि मार गाडीच्या धक्क्याचा असेल तर, पाय परत येण्याची शक्यता फारच कमी. डॅशहुंडसारख्या लांब पाठीच्या कुत्र्यांत मणक्यातली गादी सरकून पाय जातात त्यांचं गणित वेगळं असतं, वेळेत ऑपरेशन झालं तर त्यांच्यातले डीप पेन गेलेलेही निम्म्याच्या आसपास उठतात. अपघातात कणाच चिरडलेला असतो, म्हणून त्यांच्या गोष्टी ऐकून शेरूशी तुलना करू नका. एक मात्र आहे, डीप पेन नसलेली काही कुत्री काही महिन्यांनी त्याच रिफ्लेक्सच्या जोरावर एक डुलत-डुलत, दारुड्यासारखी चाल पकडतात. त्याचं वचन कोणी देऊ शकत नाही, पण रोज उभं करून पाय जमिनीला टेकवत राहिलं तर ते होण्याची शक्यता वाढते. म्हणून पुढच्या भेटीत डॉक्टरांना एवढंच विचारा: डीप पेन आहे का, मूत्राशय कसं आहे, आणि मणका आता जुळून पक्का झालाय का, नवीन एक्स-रे काढायचा का. मणका हलता असेल तर गाडीचा विषय तिथेच थांबतो.

जाता जाता, हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी. अपघात वगैरे काही नाही आणि कुत्रा अचानक मागून लुळा पडायला लागला तर आधी रक्त तपासा. गोचीड तापानेही पाय जातात आणि तो औषधाने बरा होतो, मी चाकं लावायच्या आधी डॉक्टरांनी गोळ्यांवर उभी केलेली दोन-तीन कुत्री तरी आठवतात. डिस्टेंपर या विषाणूच्या आजाराने पाय गेलेल्या पिल्लांचं तसं नसतं, ती अशी गोळ्यांवर उभी राहत नाहीत. आणि बी-ट्वेल्वची इंजेक्शनं, कॅल्शियम, सगळं टोचत महिना घालवायचा आणि मग मोठ्या दवाखान्यात न्यायचं ही आपल्याकडची पद्धतच झालीय, त्यात जो वेळ जातो तोच मोलाचा असतो. घरातली आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक तर अजिबात देऊ नका, कुत्र्याच्या पोटात अल्सर होतो, त्यात स्टेरॉइड चालू असेल तर विचारूच नका.

सासूबाईंचं. त्या दुष्ट नाहीत, त्यांनी पाहिलेली लुळी कुत्री रस्त्यावर फरपटत, अळ्या पडून मेलेली असणार, आपण सगळ्यांनीच पाहिलीत. त्यांना एवढं सांगा की डीप पेन नसेल तर मार लागलेल्या जागेच्या खाली त्याला दुखत नाही, आणि मार जुना झाला की वरही सहसा दुखत नाही. शेरू खातो, तुम्हाला बघून पुढचे पाय आपटतो, मांजर दिसली की भुंकतो, हे तुम्हीच लिहिलंय. असा कुत्रा दुःखी नसतो हो, त्याला स्वतःच्या पायांची लाज वाटत नाही, ती आपल्याला वाटते. आणि कुत्र्याची गाडी म्हणजे इन्स्टाग्रामचं नवीन खूळ असं त्यांना वाटत असेल तर सांगा की अमेरिकेत लिंकन पार्क्स नावाचे जनावरांचे डॉक्टर १९६१ पासून या गाड्या बनवत होते. पण दुसरी बाजूही सांगतो. घरात दिवसभर कोणी नसेल, लघवी काढायला माणूस नसेल, दर महिन्याला इन्फेक्शन, जखमा भरतच नाहीत, खाणं सोडलं, तर डॉक्टरांशी तो विषय बोलण्यात पाप नाही. मी स्वतः दोन घरांना हे सांगितलंय की गाडी करून देणार नाही, आधी डॉक्टरांशी बसून बोला. एका घराने त्यानंतर माझ्याशी बोलणं सोडलं.

आता गाडी. ऑनलाइन मीडियम मागवू का, तर नको. मीडियम म्हणजे काय हो? १७ किलोचा देशी उंच, सडपातळ, कमरेत बारीक असतो, १७ किलोचा बीगल किंवा बुलडॉग म्हणजे पिंप. दोघांनाही मीडियम. मागे एका ताईंनी अशीच रेडीमेड मागवली, आली तेव्हा दिसायला झकास, निळा रंग, आणि चौथ्या दिवशी माझ्याकडे आल्या तेव्हा कुत्र्याच्या दोन्ही जांघा सोलून निघाल्या होत्या, कारण पायाची रिंग आतून कडक प्लॅस्टिकची आणि अर्धा इंच उंच बसत होती. अर्धा इंच! माणूस बूट अर्धा इंच लहान घेऊन दिवसभर चालला तर काय होईल. सगळ्याच रेडीमेड वाईट नसतात, ज्यात उंची, लांबी आणि रुंदी तिन्ही वेगवेगळी अॅडजस्ट होतात त्या चालतात, पण मापं न विचारता नुसतं वजन विचारून जो विकतो त्याच्याकडून घेऊ नका.

मापं अशी घ्या. दोन माणसं लागतात. जुना टॉवेल पोटाखालून मागच्या पायांच्या अगदी पुढून घालून एकाने वर उचलून धरायचं, पाठ टेबलासारखी सपाट होईपर्यंत, वर नाही खाली नाही. मग दुसऱ्याने शिंप्याच्या टेपने जांघेपासून जमिनीपर्यंतची उंची, खुब्यांवरची सगळ्यात जास्त रुंदी, छातीच्या पुढच्या हाडापासून ढुंगणापर्यंतची लांबी, खांद्यांची रुंदी आणि पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर. सेंटिमीटरमध्ये, आणि तीनदा, कारण तीनदा तीन वेगवेगळी येणार, मग मधली धरा. टॉवेल पकडणाऱ्याचा हात दुखायला लागला की पाठ खाली जाते आणि उंची दोन सेंटिमीटरने चुकते, हे दर वेळी होतं.

गाडीचं सगळं मर्म चाकाचा आस कुठे आहे यात आहे. बागेतला सी-सॉ आठवा. चाकाचा आस म्हणजे तो मधला टेकू, मागे शेरूचं धड, पुढे खांद्यापर्यंत आलेल्या दोन दांड्या. आस फार मागे गेला की सगळा भार दांड्यांवरून खांद्यांवर येतो, आणि आधीच ज्या पुढच्या पायांवर सगळं घर चाललंय त्यांच्यावर आणखी ओझं. निरोगी कुत्राही साठ टक्के वजन पुढच्याच पायांवर घेतो, त्यात ही भर. आस फार पुढे आला की उलटं, दांड्या वर उडतात आणि पट्टा पोटाला, काखेत कापतो. बरोबर कधी, तर कुत्रा गाडीत उभा असताना खांद्याजवळची दांडी दोन बोटांनी उचलून बघायची, वाटीभर पाण्याएवढं वजन लागलं पाहिजे. मी आसाच्या पट्टीला एकाऐवजी चार-पाच भोकं पाडून ठेवतो आणि कुत्रा आल्यावर तिथेच पुढे-मागे करून बघतो. घरी करणार असाल तर हे एवढं कराच. आणि चाकं अगदी सरळ उभी न ठेवता खाली थोडी बाहेर फाकलेली ठेवा, वळताना उलटत नाही.

मिस्टरांना पाइपची करायची असेल तर मी नाही म्हणणार नाही. मागच्या भागाचं वजन साधारण सात किलो धरा, एक इंची जाड पाइप तेवढं सहज पेलतो, नळकामाचा घ्या, वायरिंगचा पातळ नको. एल्बो, टी, सोल्युशन, हॅक्सॉ, एक रविवार. पण पाइप वाकत नाही तर जोडांत पिळतो, आणि शेरू पहिल्यांदा मांजरामागे धावला की एका बाजूचा टी फिरणार. म्हणून मापं जमेपर्यंत सोल्युशन लावू नका, नुसतं दाबून बसवा, आठवडाभर वापरा, सगळं बरोबर आहे खात्री झाली की मग सोल्युशन आणि प्रत्येक मोठ्या जोडात आरपार एक स्क्रू. तो आठवडा शेरू गाडीत असताना दोर हातातून सोडायचा नाही आणि दर फेरीनंतर जोड हाताने परत दाबायचे. उन्हात ठेवू नका, पाइप मऊ पडतो.

सगळ्यात जास्त चुका चाकात होतात. घरात लहान मुलाची जुनी सायकल पडलेली असते, तिची १२ इंची चाकं काढून लावतात. दिसायला मस्त, पण सायकलचं चाक दोन्ही बाजूंनी पकडलेलं असतं, फोर्क दोन बाजूंना असतो ना. ते तुम्ही एकाच बाजूने बोल्टने धरलंत की दहा-पंधरा दिवसांत आस वाकतो, बेअरिंगचा कोन सैल होतो आणि चाक डुगडुगायला लागतं. एकतर दोन्ही बाजूंनी पट्टी द्या, नाहीतर बाबागाडीची किंवा सामानाच्या ट्रॉलीची बेअरिंगवाली चाकं घ्या, ती एका बाजूने धरायलाच बनवलेली असतात. पुण्यात असाल तर नाना पेठ, मुंबईत नागदेवी स्ट्रीट, नाशकातही हार्डवेअरवाला आणून देईल. दोन चाकांना आरपार एकच रॉड घालू नका, त्यात पाय अडकतात आणि शी त्याच्यावर पडते. हवेच्या ट्यूबपेक्षा भरीव टायर बरे, बाभळीचा काटा कुठेही असतो. घराभोवती माती, चिखल असेल तर चाक मोठं घ्या. नारायणगावकडच्या एका शेतकऱ्याच्या कुत्र्याला मी आठ इंची चाकं लावून दिली होती, पुण्याच्या सोसायटीच्या हिशोबाने, आणि तो दुसऱ्याच दिवशी उसाच्या सरीत रुतून बसला. फोनवर मला म्हणाले, "दादा, तुम्ही गाडी चांगली केलीय, आता रस्ता पण करून द्या." सोळा इंची बदलून दिली, फुकट.

बसायची जागा म्हणजे पायाच्या दोन रिंगा किंवा चड्डीसारखी झोळी. पाइपच्या रिंगेवर एसीच्या कॉपर पाइपला लावतात तो काळा फोम चढवा, वर मऊ कापड, धुता येईल असं. शेरू नर आहे म्हणून पोटाचा पट्टा कुठे येतो ते बघा, लिंगाच्या पुढे यायला पाहिजे, त्याच्यावर नाही, ही चूक तर मी विकतच्या गाड्यांतही बघतो. लघवी-शीची वाट मोकळी हवी म्हणजे गाडीत असतानाच उरकतं. आणि पाय, ते हलत असतील, टेकत असतील, तर पंजे जमिनीला अलगद लागू द्या, तोच व्यायाम आहे. अजिबात जीव नसेल तर मागे दोन लूप करून वर अडकवा, नाहीतर पंजाची वरची बाजू डांबरावर घासून रक्तबंबाळ होते आणि त्याला कळतही नाही. मधलं असेल, म्हणजे पंजा उलटा पडतो पण पाय पुढे येतो, तर बूट घाला, बाजारात नसतील मिळत तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा जाड मोज्यावर शिवून चालतो, फक्त घरी आल्यावर काढायचा.

पहिल्या दिवशी गाडीत घालून "चल" म्हणू नका. दोन दिवस नुसता छातीचा पट्टा घाला. गाडी त्याच्या जेवणाच्या ताटाशेजारी उभी करून ठेवा, वास घेऊ दे. मग बाहेर सपाट जागी न्या, घरात नको, घरात फर्निचरला आदळला की तो घाबरणार आणि मग गाडी दिसली तरी कोपऱ्यात जाणार. बरीच कुत्री पहिल्यांदा पुतळ्यासारखी उभी राहतात किंवा मागे मागे जातात, ओढू नका, हातभर पुढे उकडलेल्या चिकनचा तुकडा धरा आणि थांबा. मागच्या वर्षी कोथरूडची एक म्हातारी देशी कुत्री तब्बल वीस मिनिटं तशीच उभी होती, मालक हिरमुसले, मी पण मनातून ठरवलं की आज काही होत नाही, आणि गेटवरून दुधवाला गेला, तिचा जुना दुश्मन, ती जी सुटली की मालकांच्या हातातला दोर सुटला आणि गाडी एका चाकावर गेली. म्हणून दोर कायम हातात, आणि वळणावर तुम्ही आतल्या बाजूला. उतार, पायऱ्या, उघडी गटारं, भर दुपारचं डांबर, हे सगळं बंद. दर वेळी गाडी काढली की जांघ, काख, छातीचा पट्टा बघा. केस उलटे झालेले दिसले की तिथे उद्या जखम आहे.

गाडीने आळशी होतो, पाय परत यायचे ते येत नाहीत, असं तुम्हाला कोणीतरी सांगेलच. उलट आहे. उभं राहिलेलं शरीर व्यायाम करतं, पडलेलं वाळतं. फिजिओ मात्र गाडीसोबत चालू ठेवा, पाय सायकल चालवल्यासारखे हळू हलवणं, सांधे दुमडणं-उघडणं, दिवसातून तीनदा दहा-दहा मिनिटं, हे घरी जमतं. पाण्यातलं ट्रेडमिल पुण्या-मुंबईत आहे, परवडलं तर बघा, नाही परवडलं तर जीवाला लावून घेऊ नका. पुढच्या खांद्यांना रोज चोळा, तेच आता त्याचे चारही पाय आहेत.

घरातल्या घरात तो फरपटणारच, त्याला अडवू नका, पण फरशी बघा. शहाबादी किंवा कोबा असेल तर मांड्या खरवडतात, त्यासाठी छत्रीच्या कापडाची पिशवी कमरेपासून खाली घालतात, सरकायला सोपी जाते, मात्र आत ओलं झालंय का ते तासाभराने हात घालून बघायचं. गुळगुळीत टाइल्स असतील तर पुढचे पाय घसरतात, तिथे त्याच्या वाटेवर योगा मॅटचे तुकडे किंवा पोती अंथरा. उचलायचा असेल तर पुढच्या काखेतून ओढू नका, एक हात छातीखाली, एक मांड्यांखाली, पाठ सरळ.

बाकी प्रकारांबद्दल कोणी विचारणार म्हणून दोन ओळी. एकच पाय गेलेल्या कुत्र्याला सहसा गाडी लागत नाही, तीन पायांवर ती मजेत पळतात. कृत्रिम पाय बसवायला खालचा थोटा नीट उरलेला लागतो, जयपूरचे डॉ. तपेश माथुर यांचं जनावरांसाठीचं "कृष्णा लिम्ब" त्यासाठी बऱ्याच जणांना माहीत आहे. खुब्याच्या दुखण्याचे म्हातारे लॅब, त्यांना आधी वजन कमी, मॅट आणि कमरेखालून धरायचा पट्टा, चाकं शेवटी. जर्मन शेफर्डला म्हातारपणी मागून हळूहळू, न दुखता, लुळं पडायचा जो आजार होतो, डीजनरेटिव्ह मायलोपथी, त्यात मात्र गाडी लवकर, कुत्रा अजून उभा राहतोय तेव्हाच आणा, पडल्यावर शिकवणं जड जातं. पुढचे पाय गेलेल्यांच्या गाड्या फार अवघड, त्या घरी करू नका. आणि रस्त्यावरच्या कुत्र्याला गाडी लावून तसंच सोडून देणाऱ्यांना हात जोडतो, तो कुठेतरी अडकून रात्रभर उभा राहतो.

तर ताई, आधी डॉक्टर आणि लघवी काढायचं शिकणं, या आठवड्यात. मापं त्यानंतर. मापं पाठवलीत तर मिस्टरांना पाइप किती लांब कापायचे तेवढं मी सांगेन, सोबत टॉवेलने उभ्या केलेल्या शेरूचा एक फोटो, अगदी बाजूने, मोबाइल त्याच्या पोटाच्या उंचीवर धरून. उभं राहून वरून काढलेल्या फोटोत सगळीच कुत्री डॅशहुंड दिसतात.